पॅनेलवर ९२०

सकाळी ७. भोसरीतल्या हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये पहिली पाळी सुरू. चहाआधी मी रात्रीचे ट्रेंड बघतो. गिअर कार्बुरायझिंगची दोन नंबरची भट्टी रात्रभर ९२० अंशांवर. रेघ पट्टीने ओढल्यासारखी सरळ. ऑपरेटर मामा खूश. मी तेवढा खूश नाही. सरळ रेघेवरून कंट्रोलरचं समाधान झालंय एवढंच कळतं, आत खरं किती तापलंय ते नाही.

८. टेम्परिंग भट्टीचा आकडा कालच्या मेंटेनन्सनंतर तीन अंशांनी चढलाय. तिथे पीटी-१०० आहे. प्लॅटिनमची तार, शून्य अंशाला १०० ओहम, पुढे दर अंशाला साधारण ०.३८५ ओहम. वाटेत एक-सव्वा ओहम जादा आला की तीन अंश फुकटचे. पॅनेल उघडलं तर तिसरी वायर मोकळी लोंबतेय आणि तिच्या जागी जंपर मारलाय. केबलचा स्वतःचा रोध हिशेबातून वजा व्हावा म्हणूनच ती वायर असते. जोडली, आकडा खाली आला.

९.३०. दोन नंबरची तपासणी. कंट्रोलच्या थर्मोकपलशेजारी, टोकाला टोक जवळ येईल असा, सर्टिफिकेटवाला एन टाइप मास्टर आत सरकवला. पंधरा-वीस मिनिटं थांबलो. इथे घाई केली तर मोजमाप आपल्या उतावीळपणाचं होतं. पॅनेल ९२०, मास्टर ९३१.

सुपरवायझर आले. "अकरा ना? ऑफसेट टाका साहेब, चार्ज थांबलाय."

ऑफसेटने आकडा जुळतो, थर्मोकपल सुधारत नाही. भट्टीतला के टाइप मुळात देतो तरी किती? ९२० अंशांना जेमतेम ३८ मिलिव्होल्ट, अंशामागे चाळीसेक मायक्रोव्होल्ट. तार बिघडली की यातूनच गळती होते, आणि ती प्रत्येक तापमानाला सारखी नसते. आज ९२० ला जुळवलेलं उद्या ८५० ला चुकेल. शिवाय ही चूक वाईट बाजूची आहे: आकडा कमी दिसतो म्हणून कंट्रोलर जादा तापवतो, केस डेप्थ वाढते, दात वाकतात. थर्मोकपल तुटलं तर निदान अलार्म वाजतो.

"बदलणार," म्हटलं. त्यांनी घड्याळाकडे बघितलं.

११. जुनं बाहेर काढलं. गार झाल्यावर पॉझिटिव्ह, म्हणजे क्रोमेलच्या, तारेवर हिरवट पूड. प्राणवायू कमी असलेल्या गॅसमध्ये क्रोमेलमधलं क्रोमियम आधी जळतं, त्याची ही खूण. खिशातलं चुंबक लावलं. चांगलं क्रोमेल त्याला चिकटत नाही, अ‍ॅल्युमेल चिकटतं. पोलॅरिटी ओळखायची आमची जुनी युक्ती. इथे दोन्ही तारा चिकटल्या. मामांनी स्वतः लावून बघितलं, मग सुपरवायझरना बोलावून दाखवलं. माझ्या अर्ध्या तासाच्या भाषणापेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला.

नवं बसवताना केबलचे रंग दोनदा बघतो. अमेरिकन पद्धतीत लाल म्हणजे निगेटिव्ह. वायरमनचा हात मात्र लाल दिसला की प्लसकडे जातो. केबल दोन्ही टोकांना उलटी लागली तर आणखी वाईट, कारण आकडा पटण्यासारखाच येतो आणि चूक महिनोन्महिने चालते.

१२.३०. डबा. कँटीनचं ताक.

१.३०. भट्टी पुन्हा तापली, पुन्हा तपासणी. पॅनेल ९२४, मास्टर ९२०. नवं थर्मोकपल, आणि चार अंश जास्त? क्षणभर मास्टरवरच संशय आला. मग कंट्रोलरच्या मेनूत शिरलो. ऑफसेट: अधिक ४. जुनं थर्मोकपल घसरू लागलं तेव्हा कुणीतरी टाकलेला. रजिस्टरमध्ये नोंद नाही. म्हणजे सकाळचा खरा फरक अकराचा नव्हता, पंधराचा होता.

शून्य केला. दोन्ही आकडे अंशाच्या आत आले. चार्ज आत गेला.

३.३०. दुसऱ्या पाळीचा जोडीदार आला. थर्मोकपलचा नंबर, दोन्ही रीडिंग, काढलेला ऑफसेट, सगळं रजिस्टरमध्ये लिहून त्याची सही घेतली. मेनूचा पासवर्डही बदलला. सुपरवायझरनी तो विचारला. मी क्वालिटीकडे बोट दाखवलं.