जेनोआ नेमकं अडकतं कुठं?

मुंबई बंदरात पावसाळा सरला की शिडाच्या बोटी पुन्हा पाण्यात उतरतात, आणि रविवारी मी एका जे/२४ बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, असते. नाळेवरच्या माणसाचं निम्मं काम एकच: पुढचं शीड अडकू द्यायचं नाही.

वाऱ्याच्या तोंडावर बोट सरळ जात नाही, नागमोडी न्यावी लागते. दर वळणाला, म्हणजे टॅकला, पुढचं शीड एका बाजूकडून दुसरीकडे जातं. आमचं शीड जेनोआ, त्याचा मागचा भाग डोलकाठीच्याही मागे पोचतो. त्यामुळे प्रत्येक टॅकला ते सगळं कापड डोलकाठी आणि तिला धरणारी पुढची तार यांच्यामधून ओढून न्यायचं. डोलकाठीवर कड्या, क्लीट, शेजारी ताणलेल्या तारा. एखादीनं धरलं की शीड उलट्या बाजूनं भरतं, बोट सुकाणूला जुमानत नाही, आणि समोर मांडव्याची लाँच असली तर तिच्यातले प्रवासी खुशाल फोटो काढत बसतात.

हा व्याप नियमातल्या पळवाटेमुळे मागे लागला. १९२० च्या दशकात स्वीडनच्या स्वेन सालेन यांनी इटलीतल्या जेनोआच्या शर्यतीत असं शीड लावलं. तेव्हाच्या शिडाच्या मोजणीत डोलकाठी आणि पुढची तार यांच्यातला त्रिकोणच धरत. मागे गेलेलं कापड फुकटात मिळे. १९७७ पासून बनू लागलेल्या जे/२४ वर ते राहिलं. त्याच घराण्यातल्या, २०१२ मध्ये आलेल्या जे/७० चं पुढचं शीड मात्र डोलकाठीच्या फार मागे जात नाही. हेवा वाटतो, पण पडेल वाऱ्यात आमचं जेनोआच बरं ओढतं.

शीड अडकलं की सगळे वर बघतात. मी आधी गाठ बघते. शिडाच्या मागच्या खालच्या कोपऱ्याला दोन दोर असतात, त्यांना शीट म्हणतात. दोन्ही वेगवेगळे बांधले की दोन ढब्बू गाठी होतात, आणि त्याच तारेला अडतात. आम्ही एकच लांब दोर मधोमध दुमडून, तो दुमडा कोपऱ्याच्या भोकातून काढतो आणि दोराची दोन्ही टोकं त्यातून ओढून घेतो. गाठ चपटी बसते. तोटा एवढाच की एक बाजू झिजली तरी अख्खा दोर बदलावा लागतो. लोखंडी हूक मात्र नकोच. फडफडत्या शिडाच्या टोकाला तो असला तर माझं डोकं फुटायचं.

मग तारांची तपासणी. जुनी सुती ओढणी हातात धरून तारेवरून हलकेच फिरवते. तारेचा एखादा धागा तुटून वर आला असेल तर ओढणीचं सूत तिथंच अडकतं. उघड्या बोटानं हे करू नये, रक्त निघतं. आणि तुटका धागा सापडला तर प्रश्न शिडाचा उरत नाही, तार बदलायची. तारा ताणायच्या स्क्रूंमधल्या पिनांची टोकं आखूड कापून, आत वळवून वर टेप. काही जण ही टेप मोसमभर सोडत नाहीत, ते मला पटत नाही. आत खारं पाणी कोंडून राहतं आणि स्टेनलेस स्टीललाही गंज धरतो.

डोलकाठीच्या पुढच्या अंगाला स्पिनॅकर या फुगणाऱ्या शिडाच्या पोलची कडी असते. ती काढता येत नाही. तिच्यापासून डोलकाठीच्या बुडापर्यंत बारीक लवचीक दोरी ताणून बांधली की शीड त्या दोरीवरून घसरत जातं. फिरायला जाणाऱ्या बोटींवर तारांवर पीव्हीसी नळी सैल घालतात, दोर घासला की ती गोल फिरते. शर्यतवाल्यांना ती नको असते, वारा अडवते म्हणून.

एवढं करूनही उरते ती वेळ. जुन्या बाजूचा दोर लवकर सोडला तर शीड डोलकाठीवर आपटत राहतं. उशीर झाला तर वारा पाठीमागून भरून ते तारांवर दाबलं जातं. पुढची कड लुळी पडायला लागली की दोर आवळायच्या विंचवरचे सगळे वेढे एकदम काढायचे. सुकाणूवर आमचे काका असतात, त्यांना भर्रकन वळायची हौस. मी नाळेवरून ओरडते, “काका, मध्ये जरा थांबा!” वारा कमी असेल तर शिडाचा कोपरा मी हातात धरून डोलकाठीपुढून पलीकडे नेते. जोराच्या वाऱ्यात मात्र त्या कोपऱ्याच्या वाटेत उभी राहत नाही, काकांनी कितीही हाका मारल्या तरी.