मतांची फूट आणि पक्षांची फूट

निवडणुकीचा निकाल हा मतदाराचा कौल असतो आणि त्या कौलानुसार सत्ता एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे जाते, असे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात सांगितलेले असते. महाराष्ट्रातील शिक्षकाला हे वाक्य शिकविताना अलीकडे थोडे अडखळावेच लागत असेल. २०१९ साली निवडून आलेल्या एकाच विधानसभेच्या कारकीर्दीत देवेंद्र फडणवीस, उद्धव ठाकरे आणि एकनाथ शिंदे अशा तिघांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. शिवसेना व राष्ट्रवादी काँग्रेस हे दोन पक्ष मधोमध चिरले गेले. आणि यांपैकी कोणत्याही घटनेसाठी राज्यातील मतदाराला मतदान केंद्राची पायरी चढावी लागली नाही.

या उलथापालथीचा अर्थ मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यापेक्षा नाहूरसारख्या ठिकाणाहून अधिक स्पष्ट दिसतो. मध्य रेल्वेवर भांडुप आणि मुलुंड या दोन जुन्या स्थानकांच्या मध्ये मागाहून आलेले हे स्थानक. एके काळी या पट्ट्यात सिएट, गेस्ट कीन विल्यम्स, रिचर्डसन ॲण्ड क्रुडास अशा कारखान्यांचे भोंगे वाजत. पुढे त्यांतील अनेक जागांवर उंच इमारती उभ्या राहिल्या. मुलुंड, भांडुप पश्चिम आणि विक्रोळी या तीन विधानसभा मतदारसंघांच्या सीमा याच परिसरात एकमेकींच्या जवळ येतात. तिन्ही मतदारसंघ ईशान्य मुंबई या लोकसभा मतदारसंघात मोडतात. एका बाजूला कोकण-घाटावरून येऊन स्थिरावलेला कामगारवर्ग व कारकून, दुसऱ्या बाजूला मुलुंडचा गुजराती-मराठी मध्यमवर्ग, अशी ही मिश्र वस्ती आहे. पक्षांच्या राजकारणातील प्रत्येक हालचाल येथे चटकन उमटते.

मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर २००९ साली पहिली निवडणूक झाली. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेला स्थापन होऊन तीनच वर्षे झाली होती. मे महिन्यात लोकसभेचा निकाल लागला तेव्हा ईशान्य मुंबईत राष्ट्रवादी काँग्रेसचे संजय दिना पाटील यांनी भाजपचे किरीट सोमय्या यांचा तीन हजारांहूनही कमी मतांनी पराभव केला होता. त्याच लढतीत मनसेचे शिशिर शिंदे यांनी जवळजवळ दोन लाख मते घेतली होती. मुंबईतील सहाही जागा काँग्रेस आघाडीकडे गेल्या. ‘मतविभागणी’ हा शब्द त्या उन्हाळ्यात प्रत्येक वृत्तपत्रात आणि लोकलच्या प्रत्येक डब्यात ऐकू येत होता. ऑक्टोबरमध्ये विधानसभेसाठी मतदान झाले आणि हेच शिशिर शिंदे भांडुप पश्चिममधून आमदार झाले. शेजारच्या विक्रोळीतून मंगेश सांगळे व घाटकोपर पश्चिममधून राम कदम निवडून आले. राज्यातील मनसेच्या तेरा आमदारांपैकी सहा मुंबईचे होते आणि त्या सहांतील तीन या एका पट्ट्यातील होते.

युतीच्या गोटातून या मतदारांवर तेव्हा पुष्कळ राग निघाला. मराठी माणसाने मराठी मते फोडली, असा तो आरोप होता. परंतु त्या आरोपात एक गोष्ट विसरली जात होती. मते फोडली होती ती मतदाराने, स्वतःच्या हाताने व जाणूनबुजून. मे महिन्यात आपल्या मताचा परिणाम काय झाला हे त्याने पाहिले होते. तरीही ऑक्टोबरमध्ये त्याने पुन्हा तेच केले. जुन्या घराला धाकट्या घराकडून धडा मिळावा, असे त्याला वाटले असेल, किंवा केवळ नवे काही हवे असेल. कारण काहीही असो, निर्णय त्याचा होता आणि पाच वर्षांनी तो त्याने बदललाही. २०१४ मध्ये मनसेचा राज्यात एकच आमदार उरला. भांडुप पश्चिममध्ये शिवसेनेचे अशोक पाटील निवडून आले. युती तुटल्यामुळे भाजपचे मनोज कोटक त्यांच्या विरोधात होते. २०१९ मध्ये युती पुन्हा जुळली, कोटक ईशान्य मुंबईचे खासदार झाले आणि विधानसभेत भांडुप पश्चिमने शिवसेनेच्याच रमेश कोरगावकर यांना पाठविले. येथपर्यंत पाठ्यपुस्तकातील वाक्य तसे खरे होते.

जून २०२२ मध्ये जे घडले त्याची जात निराळी होती. एकनाथ शिंदे यांच्यासह शिवसेनेचे आमदार सुरत व तेथून गुवाहाटीला गेले, २९ जूनला उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला आणि दुसऱ्या दिवशी शिंदे मुख्यमंत्री झाले. या वेळी फूट मतांत पडली नव्हती, ती पक्षात पडली होती. आणि पाडणारा मतदार नव्हता. वर्षभराने, २ जुलै २०२३ रोजी, अजित पवार यांनी राष्ट्रवादीत हाच प्रयोग केला.

महाराष्ट्राला हे अगदीच नवे होते असे नाही. १९७८ च्या निवडणुकीत जनता पक्षाला ९९, काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. दोन्ही काँग्रेसनी मिळून वसंतदादा पाटील यांचे सरकार आणले. जुलैमध्ये शरद पवार आपल्या गटासह बाहेर पडले आणि पुलोदचे मुख्यमंत्री झाले. तथापि त्या वेळी पक्षांतराला कायद्याची आडकाठी नव्हती. ती १९८५ साली बावन्नाव्या घटनादुरुस्तीने आली. ‘आयाराम-गयाराम’ला आळा घालण्याचा तो उपाय होता; परंतु एकतृतीयांश सदस्य बाहेर पडले तर ती ‘फूट’ मानावी व त्यांचे सदस्यत्व वाचावे, अशी खिडकी त्यात ठेवलेली होती. २००३ मधील एक्याण्णवाव्या दुरुस्तीने ती खिडकी बंद केली आणि दोनतृतीयांश सदस्यांच्या विलीनीकरणाचा दरवाजा तेवढा उघडा राहिला. एकट्यादुकट्याने पक्ष सोडणे अवघड झाले, हे खरे. घाऊक प्रमाणात सोडणाऱ्याने मात्र वेगळाच मार्ग शोधला. आपण पक्ष सोडलेलाच नाही, पक्ष म्हणजे आपणच, असे तो सांगू लागला. निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२३ मध्ये शिवसेना हे नाव व धनुष्यबाण शिंदे गटाला दिले. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी राज्यपालांच्या निर्णयावर ताशेरे ओढले, पण राजीनामा दिलेले सरकार परत आणता येत नाही असे सांगून अपात्रतेचा प्रश्न अध्यक्षांकडे सोपविला. आणि १० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी कोणालाच अपात्र ठरविले नाही. दीड वर्ष चाललेल्या या वादात आयोग, न्यायालय, राज्यपाल व अध्यक्ष या सर्वांचे म्हणणे नोंदले गेले. ज्याच्या मताची वाटणी चालली होती, त्याला विचारण्याची तरतूद मात्र कायद्यात कोठेच नव्हती.

यावर असे उत्तर दिले जाते की, मतदाराने अखेर न्याय केलाच. २३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात भाजपला १३२, शिंदे यांच्या शिवसेनेला ५७ व अजित पवारांच्या राष्ट्रवादीला ४१ जागा मिळाल्या. उद्धव ठाकरे यांच्या पक्षाला २० आणि शरद पवारांच्या पक्षाला १०. भांडुप पश्चिममध्ये २०१४ चे विजेते अशोक पाटील शिंदे गटाकडून आणि २०१९ चे विजेते कोरगावकर ठाकरे गटाकडून उभे होते. एकाच पक्षाच्या लागोपाठच्या दोन आमदारांत ही लढत झाली आणि पाटील सात हजारांहून कमी मतांनी जिंकले. हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही. लोकांनी दिलेले बहुमत हे बहुमतच असते. पण त्याच वर्षी जूनमध्ये, अवघ्या साडेपाच महिन्यांपूर्वी, याच ईशान्य मुंबईने ठाकरे गटाच्या संजय दिना पाटील यांना भाजपचे मिहिर कोटेचा यांच्याविरुद्ध सुमारे तीस हजारांच्या फरकाने निवडून दिले होते, आणि राज्यात ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला दिल्या होत्या. मग पक्षफुटीवरील खरा निकाल जूनचा की नोव्हेंबरचा? प्रामाणिक उत्तर असे की, दोन्हींपैकी एकही नव्हे. लोकसभेला दिल्लीचा प्रश्न होता, विधानसभेला लाडक्या बहिणीपासून सोयाबीनच्या भावापर्यंत शंभर प्रश्न होते. अडीच वर्षांपूर्वीच्या एका कृत्यावर स्वतंत्रपणे मत देण्याची सोय सार्वत्रिक निवडणुकीत नसते. शिवाय नाव व चिन्ह आधीच एका बाजूला गेलेले असल्याने हा सामना सारख्या अटींवर झाला, असेही म्हणता येणार नाही.

स्वतंत्रपणे विचारण्याची एक रीत आहे आणि ती महाराष्ट्रातच वापरली गेली आहे. राष्ट्रवादीच्या तिकिटावर साताऱ्यातून लोकसभेवर गेलेल्या उदयनराजे भोसले यांनी सप्टेंबर २०१९ मध्ये खासदारकीचा राजीनामा देऊन भाजपमध्ये प्रवेश केला. ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक झाली. पाऊस झेलीत शरद पवारांनी केलेले भाषण त्याच प्रचारातले. श्रीनिवास पाटील जिंकले, उदयनराजे हरले. पुढे २०२४ मध्ये त्याच सातारकरांनी उदयनराजे यांना भाजपच्या चिन्हावर निवडूनही दिले. पक्ष बदलण्याचा त्यांचा हक्क कोणी हिरावून घेतला नाही. त्याची किंमत काय, हे तेवढे मतदाराने ठरविले. राजीनामा देऊन पुन्हा निवडून या, एवढी एकच अट घातली तर दहाव्या परिशिष्टातील दोनतृतीयांश, व्हीप आणि विलीनीकरण यांवरील निम्मा कीस पाडावाच लागणार नाही. वारंवार पोटनिवडणुका घेणे परवडत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण चाळीस जागांच्या पोटनिवडणुकीचा खर्च समोर दिसू लागला की गुवाहाटीचे विमान पकडण्यापूर्वी काहीजण तरी दोनदा विचार करतील.

दरम्यान, २००९ साली मते फोडल्याचा दोष ज्यांच्या माथी आला त्या नाहूर-भांडुपच्या मतदाराचा हिशेब पुढे सरकला आहे. राम कदम भाजपमध्ये गेले. शिशिर शिंदे २०१८ मध्ये शिवसेनेत परतले आणि २०२३ मध्ये त्यांनी एकनाथ शिंदे यांची वाट धरली. ५ जुलै २०२५ रोजी वरळीत उद्धव व राज ठाकरे हिंदीसक्तीच्या प्रश्नावरून एका व्यासपीठावर आले. सोळा वर्षांपूर्वी ज्या दोन चिन्हांमध्ये या परिसरातील मते विभागली गेली, त्यांपैकी इंजिन त्या दिवशी वरळीत होते. धनुष्यबाण मात्र तिसऱ्याच्या हाती होता.