शेताच्या तुकड्यापासून दामोदरच्या धरणापर्यंत

डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटलं की आपल्याला राज्यघटना आठवते. पण कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डी.एस्सी. या त्यांच्या दोन्ही मोठ्या पदव्या अर्थशास्त्रातल्या. तरुणपणी कागदावर मांडलेलं एक गणित पुढे मंत्री म्हणून त्यांच्याच हाती आलं. ती गोष्ट वाचताना मी थक्क होतो.

साल १९१८. शेती का परवडत नाही, या प्रश्नावर तेव्हाचं ठरलेलं उत्तर होतं, शेतांचे तुकडे फार लहान झाले आहेत, ते जोडा. भारतातल्या लहान शेतजमिनींवरच्या लेखात बाबासाहेबांनी उलट विचारलं, लहान म्हणजे नेमकं किती?

समजा, घरची पाच एकर जमीन आहे. विहीर, बैलजोडी, अवजारं, खत हाताशी असेल तर ती भरपूर. यातलं काहीच नसेल तर पन्नास एकरही पडीक. आता त्याच पाच एकरांत काम दोघांचं आणि घरात राबणारी माणसं सहा. मधले बांध मोडून तुकडे एकत्र केले, तरी चार जणांचे हात रिकामेच राहतात आणि त्यांचं पोट दोघांच्या कष्टावर भरतं. म्हणून शेतीचं दुखणं बरं करायचं तर कारखाने उभे करा, असं त्यांनी सांगितलं. माणसं उद्योगात गेली की जमिनीवरचा भार आपोआप उतरतो. शेतीतल्या अशाच जादा हातांवर अर्थतज्ज्ञ आर्थर लुईस यांचा गाजलेला निबंध आला १९५४ मध्ये, तब्बल ३६ वर्षांनी!

१९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याकडेच होते. पुढच्याच वर्षी दामोदर नदीनं बंगालात बांध फोडला. पुराच्या पाण्याला नुसतं समुद्राकडे लोटून द्यायचं, ही जुनी रीत त्यांना पटणारी नव्हती. त्यांच्या लेखी पाणी ही संपत्ती होती. अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याचा नमुना समोर ठेवून आखणी झाली: धरणं बांधायची, पूर अडवायचा, कालवे काढायचे आणि त्याच पाण्यावर वीज करायची. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय कारखाने उभे राहणार नाहीत, आणि कारखान्यांशिवाय त्या चार जणांना काम मिळणार नाही.

१९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ स्थापन झालं, तेव्हा बाबासाहेब स्वतंत्र भारताचे कायदामंत्री होते.

महाराष्ट्र शासनानं १९७९ मध्ये काढलेल्या त्यांच्या इंग्रजी समग्र लेखनाच्या पहिल्या खंडात तो १९१८ चा लेख आहे. घरात सातबारा असेल, तर तो शेजारी ठेवून हा लेख एकदा नक्की वाचा.