फुलपाखराचे जीवनचक्र : तक्ता नंतर, आधी कढीपत्ता



अंडी, अळी, कोश, फुलपाखरू. पहिली-दुसरीची मुलं हे चार शब्द घडाघडा म्हणतात. पण दारातल्या कढीपत्त्यावर खरी अळी दिसली की "ई, किडा!" म्हणून चप्पल उगारतात. म्हणजे धडा पाठ झाला, कळला नाही.

म्हणून तक्ता नंतर लावा. आधी औषध न फवारलेल्या कढीपत्त्याची किंवा लिंबाची कोवळी पानं बघायला सांगा. त्यांवर मोहरीएवढं पिवळसर गोल अंडं सापडतं. 3-4 दिवसांत त्यातून अळी निघते, आणि ती दिसते चक्क पक्ष्याच्या विष्ठेसारखी! मुलं खूप हसतात. हसू द्या, मग विचारा, "अशी का बरं दिसत असेल?" उत्तर मुलंच शोधतात. चौथ्यांदा कात टाकल्यावर ती हिरवीगार होते. डिवचली तर डोक्यामागून दुहेरी शिंग काढून उग्र वास सोडते. (ही अळी खाजरी नाही, पण केसाळ सुरवंट खाजरे असतात आणि लहानग्यांना फरक कळत नाही. म्हणून हात लावायचा नाही, हाच नियम.)

कोश शिकवताना आपलीच गडबड होते. रेशमाचा किडा अंगाभोवती धागा गुंडाळतो. ही अळी तसं करत नाही. ती रेशमाच्या एका धाग्याने स्वतःला काडीला बांधून घेते, शेवटची कात टाकते आणि त्या कातीखाली कोश तयार असतो. "अळी घर बांधून झोपते" असं कृपया सांगू नका. आत झोप नसते, आख्खं शरीर नव्याने घडत असतं.

मग साधारण 8-10 दिवस वाट बघायची. गेल्या वर्षी मी कोश छोट्या बरणीत ठेवला होता. फुलपाखरू बाहेर आलं, पण लटकायला जागाच नव्हती. ओले पंख चुरगळलेलेच वाळले. एका मुलीने विचारलं, "बाई, ते आपल्यामुळे उडत नाही का?" मी "हो" म्हटलं. माझी बरणी लहान होती, हेही सांगितलं.

यंदा मच्छरदाणीचं कापड लावलेला मोठा खोका घेतलाय, आत उभ्या काड्या. कोश फोडायला कुणीही मदत करायची नाही, हे त्याच मुलीने खोक्यावर लिहून चिकटवलंय.