परिष्कृत विद्युत् अग्रे
ज्यांच्या पृष्ठभागावर विशिष्ट रासायनिक द्रव्याचा थर मुद्दाम बसविलेला असतो किंवा ज्यांच्या घटक द्रव्यातच असा पदार्थ मिसळलेला असतो, अशा विद्युत् अग्रांना (विद्रावात विद्युत् प्रवाह नेणाऱ्या वा त्यातून बाहेर आणणाऱ्या संवाहकांना) परिष्कृत विद्युत् अग्रे म्हणतात. रक्त, मूत्र, औषधी गोळ्या इत्यादींतील जैव रेणू व औषधिद्रव्ये ओळखणे आणि त्यांचे प्रमाण ठरविणे यांसाठी ती वापरतात.

तत्त्व : अनेक जैव रेणूंचे विद्युत् अग्रावर ऑक्सिडीभवन (इलेक्ट्रॉन गमावण्याची विक्रिया) होते. अग्राला दिलेला विद्युत् दाब क्रमाने वाढविल्यास ठराविक दाबाला प्रवाह एकदम वाढतो. त्या दाबावरून पदार्थ ओळखता येतो व प्रवाहावरून त्याची संहती (विद्रावातील प्रमाण) काढता येते. तथापि साध्या अग्रावर भिन्न पदार्थांचे ऑक्सिडीभवन जवळजवळ एकाच दाबाला होऊ शकते. उदा., मेंदूतील डोपामीन आणि त्याच्या अनेक पटींनी अधिक असणारे ॲस्कॉर्बिक अम्ल (क जीवनसत्त्व) यांचे संकेत एकमेकांत मिसळतात. अग्रावर नाफिऑन या ऋण विद्युत् भारित बहुवारिकाचा थर दिल्यास ॲस्कॉर्बेट दूर सारले जाते व धन भारित डोपामीन अग्रापर्यंत पोहोचते.

विकास : राल्फ ॲडम्स यांनी १९५८ मध्ये ग्रॅफाइटाची पूड कार्बनी द्रवात कालवून लगद्याचे अग्र तयार केले. एल्. सी. क्लार्क व सी. लायन्स यांनी १९६२ मध्ये ग्लुकोज ऑक्सिडेज या एंझाइमाच्या साहाय्याने ग्लुकोज मोजण्याची कल्पना मांडली. १९७५ मध्ये रॉइस मरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अग्राच्या पृष्ठभागाशी रेणू रासायनिक बंधाने जोडले. १९८४ मध्ये ब्रिटनमध्ये एंझाइमाकडून अग्राकडे इलेक्ट्रॉन नेण्यासाठी फेरोसिनाचा अनुजात वापरण्यात आला. त्यातून मधुमेही व्यक्तीला घरी वापरता येणारे ग्लुकोजमापक उपलब्ध झाले.

मुंबई विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील बी. जे. संघवी व ए. के. श्रीवास्तव यांनी २०१० मध्ये कार्बन नॅनोनलिकांच्या लगद्याचे अग्र पृष्ठसक्रियकारकाने परिष्कृत केले आणि पॅरासिटामॉल, ॲस्पिरीन व कॅफीन यांचे एकाच वेळी मापन केले.

मर्यादा : प्रथिने चिकटल्याने अग्राची संवेदनशीलता घटते. तसेच हायड्रोजन पेरॉक्साइडाच्या ऑक्सिडीभवनावर आधारलेल्या काही ग्लुकोज संवेदकांत रुग्णाने घेतलेल्या पॅरासिटामॉलाचेही ऑक्सिडीभवन होऊन ग्लुकोजाचे प्रमाण खऱ्यापेक्षा जास्त दिसते. त्यावर विसंबून जादा इन्शुलीन दिल्यास रक्तातील ग्लुकोज धोकादायक रीत्या कमी होऊ शकते. म्हणून संवेदनशीलतेइतकीच निवडक्षमता (इष्ट पदार्थालाच प्रतिसाद देण्याची क्षमता) महत्त्वाची असून ती शुद्ध विद्रावाबरोबरच प्रत्यक्ष रक्त व मूत्र यांच्या नमुन्यांतही पडताळावी लागते.