वाड्यातली जुनी जीप : आधी थांबायला शिकवा, मग पळायला

वाशीम जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्यांत आजही कुटाराच्या खोलीशेजारी एक जुनी जीप उभी दिसते. चाकांत हवा नाही, सीटच्या पोटात उंदरांची बिऱ्हाडे आणि बॉनेटवर कोंबड्यांचा मुक्काम. कोणाच्या आजोबांनी ती सरकारी लिलावात घेतलेली असते. कधी तिने पांदण रस्त्याने कापसाची बोंदरी वाहिली, कधी अडलेल्या बाळंतिणीला रातोरात दवाखान्यात पोहोचवले. भंगारवाला भाव विचारून जातो आणि घरातला तरुण मुलगा म्हणतो, "विकू नका बाबा, मी नीट करतो."

मुलाच्या म्हणण्यात तथ्य आहे. मात्र 'नीट करणे' म्हणजे काय, हे घरात सर्वांनी बसून आधी ठरवले पाहिजे. नाहीतर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला व्हायला वेळ लागत नाही. पैशांचे नुकसान एकवेळ भरून निघेल, पण चुकीच्या दुरुस्तीने जिवावर बेतले तर ते कसे भरून निघणार?

ही गाडी आली कुठून?

दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, अमेरिकेतल्या विलीस कंपनीने सैन्यासाठी हजारो जीप बनवल्या. युद्धानंतर तीच गाडी शेतकऱ्यांसाठी म्हणून विकायला आली. आपल्याकडे १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने मुंबईत विलीसच्या जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढे त्या इथेच तयार होऊ लागल्या. तुमच्या वाड्यातल्या जीपचे बॉनेट उंच असेल, तर ती बहुधा 'सी.जे. ३ बी' जातीची आहे. हे मॉडेल अमेरिकेत १९५३ साली निघाले. त्याचे २.२ लिटरचे पेट्रोल इंजिन उंच होते, म्हणून बॉनेटही उंच करावे लागले.

पुढे डिझेल जीप आल्या. त्यातल्या एका इंजिनाची गंमत शेतकऱ्यांना ठाऊक असावी. महिंद्रने इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या भागीदारीत १९६३ मध्ये ट्रॅक्टरची कंपनी काढली आणि 'बी २७५' ट्रॅक्टर आणला. त्याच घराण्यातले डिझेल इंजिन जीपमध्येही बसू लागले. म्हणजे काही घरी वावरातला ट्रॅक्टर आणि दारातली जीप चक्क चुलतभाऊ होते!

जोर वाढवण्याची हौस

अमेरिकेत १९६४ साली पाँटियाक कंपनीने मध्यम आकाराच्या गाडीत मोठे इंजिन बसवून 'जी.टी.ओ.' नावाची गाडी काढली. असल्या दणकट गाड्यांना तिकडे 'मसल कार' म्हणतात. आज तिथली मंडळी अशा जुन्या गाड्या घरच्या शेडमध्ये बाप-लेक मिळून दुरुस्त करतात, आणि हौसेने त्यांत बदलही करतात.

आपल्याकडे ही हौस जीपवर भागवली जाते. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरचे मंडी डबवाली हे गाव अशा नटवलेल्या जीपसाठी प्रसिद्ध आहे. खेड्यापाड्यांत पेट्रोल परवडत नाही म्हणून मॅटाडोरचे डिझेल इंजिन जीपमध्ये बसवण्याची चालच पडली होती. पण इंजिन जड झाले की पुढचे पाटे दबतात, गिअरबॉक्सला हादरे बसतात आणि ब्रेक मात्र जुन्या हलक्या इंजिनाच्या हिशेबाचेच राहतात. पळण्याची ताकद वाढली, थांबण्याची वाढली नाही. बैलजोडी तरणी आणि कासरा कुजका, अशातली ही गत!

आधी कागद, मग पाना

पाना हातात घेण्यापूर्वी आर.सी. बुक शोधा. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या जीपची नोंद बहुधा अकोल्याच्या कार्यालयात असणार, तेव्हा चौकशी तिथूनच सुरू करावी. चेसिसवरचा नंबर चुन्याने किंवा खडूने घासून वाचा आणि पुस्तकातल्या नंबराशी ताडून पाहा. गंज काढताना हा नंबर ग्राइंडरखाली जाऊ देऊ नका. तो गेला की गाडीची ओळखच गेली.

गाडी वारलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल, तर वारसाच्या नावे करून घ्या. मृत्यूनंतर ३० दिवसांत कळवायचे आणि ३ महिन्यांत 'नमुना ३१' मध्ये अर्ज करायचा, असा नियम आहे. मुदत उलटून गेली असली तरी कार्यालयात जाऊन रीतसर वाट विचारा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर ५ वर्षांनी गाडी दाखवून 'नमुना २५' भरून ती वाढवून घ्यावी लागते.

बदलांचा कायदा कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने ठरवून दिलेल्या आणि पुस्तकात लिहिलेल्या गोष्टी मालकाला मनाने बदलता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले आहे. इंजिन किंवा इंधन बदलायचे असेल तर आधी परवानगी घ्यावी. इंजिनाचा नंबर जुळला नाही, तर अपघातानंतर विमा कंपनी नेमके त्यावरच बोट ठेवते. ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळी 'विंटेज' नोंदणी आहे. पण ती गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. त्यामुळे बाजारहाटाच्या जीपला तिचा उपयोग नाही.

उघडताना घाई नको

तुरी निघाल्या की उन्हाळ्यापर्यंतचा काळ या कामाला चांगला. पावसाळी हवेत रंग लावला तर खाली ओल राहून तो फुगतो.

पहिले काम म्हणजे जीप कुटारापासून दूर, मोकळ्या जागी ओढून आणणे. वेल्डिंगची एक ठिणगी वर्षभराचे वैरण आणि गोठा जाळू शकते. पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण तिच्यात वाफ कोंडलेली असते. तिला घरी वेल्डिंग कधीच करू नये. जॅकवर उचललेल्या गाडीखाली झोपून काम करू नका. आधी लाकडी ठोकळ्यांचा भक्कम आधार द्या. दगड-विटांचा भरवसा धरू नये, त्या अचानक फुटतात.

सुटे भाग ठेवायला घरातले जुने डबे काढा. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवा : 'डावे पुढचे चाक', 'स्टिअरिंग', 'दिवे'. हे काम मुले आवडीने करतात. आणि खर्चाची वही घरच्या लक्ष्मीच्या हाती द्या. किती पैसे घालायचे, हा आकडा पहिल्या पानावर लिहून ठेवा. रंग, भोंगा आणि रुंद टायर यांची पाळी त्या यादीत सर्वांत शेवटी.

सांगाडा आणि ब्रेक

आपली काळी माती चिकट. चेसिसच्या पन्हळीत ती वर्षानुवर्षे अडकून ओल धरते आणि लोखंड आतून खाते. माती खरवडून काढा आणि लहान हातोडीने ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आला तर तिथे लोखंड पोकळ झाले आहे. पाट्यांच्या कड्यांजवळ विशेष पाहा. तिथले वेल्डिंग जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे. बॉडीचा पत्रा मात्र सरळसोट असतो, तो गावचा चांगला कारागीरही घडवू शकतो.

आता मुख्य गोष्ट. या जुन्या जीपला चारही चाकांवर ड्रम ब्रेक असतात आणि त्या सर्वांना मिळून एकच मास्टर सिलिंडर. एक नळी फुटली की चारही ब्रेक एकदम जातात! हँडब्रेक चाकांवर नसून मागे जाणाऱ्या शाफ्टवर असतो, त्यामुळे शाफ्ट निखळला तर तोही गेला. म्हणून नळ्या, रबरी होज आणि सिलिंडरची रबरे सरसकट नवी घाला. त्यात काटकसर नको. ब्रेक ऑइलच्या जागी इंजिन ऑइल घालू नका, त्याने रबरे फुगून ब्रेक अडकतात. जुन्या लायनरच्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असू शकते. ती फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडके पिशवीत बांधून टाका. ही धूळ फुप्फुसाला घातक आहे.

इंजिन जागे करताना

वर्षानुवर्षे उभ्या इंजिनाला एकदम स्टार्टर मारू नका. पेट्रोल जीपचे प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइलचे थोडे मिश्रण सोडा. चार-आठ दिवस मुरू द्या, मग हँडलने हळूहळू फिरवा. फिरले नाही तर जोर न लावता आणखी मुरू द्या. त्यानंतर जुने ऑइल काढा, रेडिएटर धुवा आणि नवा पट्टा घाला. उंदरांनी कुरतडलेली वायर जोडत बसण्यापेक्षा सगळी नवी ओढा आणि फ्यूज बसवा.

आजचे पंपावरचे पेट्रोल २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते. ते जुनी रबरी नळी आणि कार्बोरेटरची जुनी पॅकिंगे खराब करते, टाकीतला गंजही सोडवते. म्हणून नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या आणि पेट्रोलचा फिल्टर जरूर लावा.

कोणते बदल करावेत?

ज्याने जीव वाचतो ते करावेत. सीटचे पट्टे, चांगले इंडिकेटर, दिव्यांना पुरेसा करंट देणारी रिले, मागे चमकपट्टी. रात्री न दिसणाऱ्या गाड्यांमुळे आपल्या रस्त्यांवर किती घरे उघडी पडली, हे वेगळे सांगायला नको. अतिरुंद टायर मात्र टाळा. त्यांनी स्टिअरिंग जड होते आणि बेअरिंगे लवकर जातात. आणखी एक गोष्ट : 'फोर व्हील' चिखलापुरतेच लावावे. डांबरी रस्त्यावर वळताना पुढची-मागची चाके सारखी फिरत नाहीत आणि सगळा ताण गिअरांवर येतो.

पहिली फेरी

नोंदणी आणि विमा होईपर्यंत जीप रस्त्यावर नेऊ नका. नारळ फोडा, चाकाखाली लिंबू ठेवा, पण पहिली फेरी आपल्याच सपाट वावरात, रिकाम्या जीपने, माणसाच्या चालीने घ्या. दहा वेळा ब्रेक दाबून पाहा. जीप एका अंगाला ओढते का, पेडल खोल जाते का, चाकाजवळ ऑइलचा डाग पडतो का? रात्रभर ती उभी ठेवून सकाळी खालची जमीन पाहा. आठ दिवस हे सगळे कोरडे आणि सरळ निघाले, तरच लेकराबाळांना तिच्यात बसवा.