बिऱ्हाडासोबत हलणारी आगगाडी

रेल्वेफाटक बंद झाले की घड्याळाकडे पाहत चडफडणारी माणसेही गाडी प्रत्यक्ष समोरून जाऊ लागताच मान वळवून तिचे डबे मोजू लागतात. आगगाडीचे हे आकर्षण वयाबरोबर ओसरत नाही. ज्यांचे ते जरा अधिकच टिकले, त्यांनी ती गाडी लहान करून घरात आणली. जर्मनीतील मार्कलिन या कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या मेळ्यात ठरावीक मापाच्या रुळांवर धावणारे, टप्प्याटप्प्याने वाढवता येणारे रेल्वेसंच मांडले. इंग्लंडमध्ये मेकॅनोचे जनक फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० पासून खेळण्यातल्या गाड्या बाजारात आणल्या. पुढे खेळण्याचा छंद झाला आणि छंदाचे शास्त्रही झाले.

या शास्त्राने मात्र एक गोष्ट प्रारंभापासून गृहीत धरली होती. छंदिष्टाच्या घरात एखादी खोली, तळघर किंवा पोटमाळा रिकामा असणार, असे ते मानून चालले. दोन खोल्यांच्या सदनिकेत राहणाऱ्या, त्यातही दर तीन-चार वर्षांनी बदलीचा हुकूम हाती पडणाऱ्या माणसाने काय करावे, याचे उत्तर जुन्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. प्रस्तुत लेख अशा वाचकांसाठी आहे. बँकेच्या सेवेत असणाऱ्यांना तर बदलीची थोरवी वेगळी सांगावयास नको.

आधी थोडे गणित

जगात सर्वाधिक प्रचलित असलेल्या एच.ओ. या प्रमाणात प्रत्येक वस्तू मूळच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढी असते आणि दोन रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर भरते. आपल्या मेल-एक्स्प्रेस गाड्यांचा आधुनिक डबा सुमारे २४ मीटर लांब असतो. या प्रमाणात तो साडेसत्तावीस सेंटिमीटरचा होतो. असे २४ डबे जोडले की इंजिन धरण्यापूर्वीच गाडी साडेसहा मीटरच्या पुढे जाते. म्हणजे दिवाणखान्याच्या एका भिंतीपासून निघालेली गाडी शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात थांबावयाची! हुबळी येथील १५०७ मीटर लांबीचा, २०२३ मध्ये लोकार्पण झालेला फलाट करावयाचा म्हटले, तर सतरा मीटरांहून अधिक जागा हवी.

यावर पहिला उपाय सुचतो तो गाडी आणखी लहान करण्याचा. १९६० च्या दशकाच्या आरंभी जर्मनीच्या अर्नोल्ड कंपनीने नऊ मिलिमीटरच्या रुळांवर धावणारी एन प्रमाणातील गाडी रूढ केली. ती मूळच्या एकशेसाठाव्या हिश्श्याची. १९७२ मध्ये मार्कलिनने झेड हे प्रमाण आणले. त्यात रुळांतील अंतर अवघे साडेसहा मिलिमीटर असते आणि एक संपूर्ण लंबवर्तुळाकार मार्ग ब्रीफकेसमध्ये बसवता येतो. जपानी घरे लहान असल्याने तिकडे एन प्रमाणाने चांगलेच मूळ धरले. कातो कंपनीचे सर्वांत आवळ वळणाचे रूळ ११७ मिलिमीटर त्रिज्येचे आहेत. ट्रामगाडीसाठी केलेला हा वर्तुळाकार मार्ग जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत मावतो.

तरीही केवळ लहान करत जाणे हे संपूर्ण उत्तर नव्हे, असे माझे मत आहे. चाळिशीनंतर नाकावर चष्मा चढतो, बोटांची नजाकत कमी होते, आणि रुळावरून घसरलेला एवढासा डबा पुन्हा चढवताना छंदाची शिक्षा होते. शिवाय ताटाएवढ्या वर्तुळात गाडी दहा फेऱ्या मारते, अकराव्या फेरीला पाहणारा जांभई देतो.

आठ वाघिणींचे कोडे

जागेच्या प्रश्नाला खरे उत्तर दिले ते निराळ्या विचाराच्या माणसांनी. गाडीला दूर कोठे जाऊच द्यावयाचे नाही. तिला जागच्या जागी काम द्यावयाचे. या विचाराचा सर्वांत देखणा नमुना म्हणजे ॲलन राइट या ब्रिटिश हौशी कारागिराची ‘इंगलनुक सायडिंग्ज’ ही रचना. तिच्यात तीन सायडिंग, दोन सांधे आणि इंजिनाला मागेपुढे होण्यासाठी एक शंटिंग नेक, एवढेच आहे. सर्वांत लांब सायडिंगमध्ये पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंत प्रत्येकी तीन. शंटिंग नेकमध्ये इंजिन आणि फक्त तीन वाघिणी उभ्या राहू शकतात. (इंग्रजी वॅगनची मराठीने केलेली ही वाघीण मला फार आवडते, मालधक्क्यावर तीच शोभते.)

अशा मांडणीवर आठ निरनिराळ्या वाघिणी उभ्या करावयाच्या. त्यांच्या नावांच्या आठ चिठ्ठ्या वाटीत टाकून पाच उचलावयाच्या आणि ज्या क्रमाने चिठ्ठ्या निघाल्या, त्याच क्रमाने पाच वाघिणींची गाडी लांब सायडिंगमध्ये जुळवून द्यावयाची. वाघिणीला हात लावण्यास मुभा नाही. जे करावयाचे ते इंजिनाने आणि सांध्यांनी.

ऐकताना हे सोपे वाटते. पण आठांतून पाच वाघिणी क्रमाने मांडण्याचे प्रकार ८ × ७ × ६ × ५ × ४, म्हणजे ६,७२० होतात. तिन्ही सायडिंगची मिळून क्षमता अकरा, वाघिणी आठ. रिकाम्या जागा तीन. या तीन रिकाम्या जागांतच सगळा खेळ आहे. हवी ती वाघीण नेमकी दोन नको असलेल्या वाघिणींच्या मागे अडकलेली असते. तिला बाहेर काढावयाचे तर त्या दोघींना कोठे तरी बसवावे लागते, आणि जेथे बसवाल तेथून पुढची वाघीण अडते. एक फेरी जुळवण्यात पंधरा-वीस मिनिटे सहज जातात. दिवसभर ताळेबंद जुळवणाऱ्याला संध्याकाळी हे आणखी एक जुळवणे नकोसे वाटेल, अशी शंका कोणी काढील. अनुभव उलट आहे. इथे चूक झाली तर कोणाचे पैसे अडकत नाहीत.

यातली खुबी अशी, की रूळ थोडे लांब केले तर कोडे सैल पडते. शंटिंग नेकमध्ये आणखी दोन वाघिणी मावल्या की निम्मी गंमत संपली. एच.ओ. प्रमाणात चारचाकी वाघिणी घेतल्यास ही सारी रचना साधारण १२० सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद फळीवर बसते. एन प्रमाणात तिच्या निम्म्या लांबीत. अमेरिकेचे कार्ल अरेंड्ट यांनी अशा चिमुकल्या रचनांचा आयुष्यभर प्रसार केला. चार चौरस फुटांहून कमी जागा व्यापणाऱ्या रचनेला ‘मायक्रो’ म्हणावे, अशी त्यांची व्याख्या होती. त्या परंपरेत इंग्लंडमधील काही हौशी मंडळींनी कार्यालयात कागद ठेवण्याच्या बॉक्स फाइलमध्ये संपूर्ण स्थानक उभे केले. झाकण उघडले की रेल्वे, मिटले की फडताळातली एक फाइल.

याच्या अगदी विरुद्ध टोकाचे उदाहरणही सांगण्यासारखे आहे. अमेरिकेतील जॉन ॲलन यांनी आपल्या घराच्या तळघरात डोंगरदऱ्यांची एक अफाट रेल्वे उभी केली होती. जगभरच्या छंदिष्टांना ती तीर्थस्थानासारखी होती. जानेवारी १९७३ मध्ये ॲलन यांचे निधन झाले आणि काही दिवसांतच ती सारी रचना आगीत नष्ट झाली. त्याच ॲलन यांनी १९७२ मध्ये ‘टाइमसेव्हर’ नावाचे पाच सांध्यांचे, एका फळीवर मावणारे शंटिंगचे कोडे प्रसिद्ध केले होते. ते आजही देशोदेशींच्या घरांत खेळले जाते.

बार्शी लाइट आणि नऊ मिलिमीटर

भारतीय रेल्वेची प्रतिकृती करावयाची तर एक अडचण आडवी येते. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. त्याचा सत्त्याऐंशीवा हिस्सा सव्वाएकोणीस मिलिमीटर येतो. बाजारात मिळणारे एच.ओ. रूळ साडेसोळाचे. त्यामुळे भारतीय इंजिन त्यांवर चढवले की दणकट पैलवानाला लहानग्याच्या चपला घातल्यासारखे दिसते. बहुतेक जण याकडे काणाडोळा करतात, आणि तसे करण्यात काही गैर नाही.

परंतु आपल्या अरुंद मार्गांचे गणित पाहा. कालका–सिमला मार्ग ७६२ मिलिमीटरचा आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी उभारलेली, १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वेही त्याच मापाची होती. ७६२ ला ८७ ने भागले की ८.७६ येतात, एन प्रमाणाचे रूळ नऊ मिलिमीटरचे. फरक दोन-तीन कागदांच्या जाडीएवढा! म्हणजे एन प्रमाणाचे सहज मिळणारे रूळ आणि इंजिनाचा सांगाडा घ्यावा, त्यावर एच.ओ. मापाचे डबे व माणसे बसवावीत, की अरुंद मार्गाची जवळजवळ बिनचूक प्रतिकृती सिद्ध होते. माणसे डोळ्यांना दिसण्याइतकी मोठी राहतात आणि वळणे एन प्रमाणाइतकी आवळ घेता येतात. जागा कमी असणाऱ्याला याहून सोयीचे दुसरे काही मला ठाऊक नाही.

कुर्डुवाडी, बार्शी, लातूर, पंढरपूर, मिरज या भागांतील वडीलधाऱ्यांच्या मनात ती छोटी गाडी अजून धावते. मूळ मार्ग टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला. आता तिची शिट्टी ऐकावयाची सोय नाही. एखादे झाडाखालचे स्थानक, पाण्याची टाकी आणि मालधक्का एवढे तीन फुटांत करून ठेवले, तर घरातल्या आजोबांना बोलते करण्यास ते पुरते.

फळी, सांधा आणि पडदा

आता बांधणीकडे वळू. हलवावयाच्या रेल्वेचा पहिला शत्रू म्हणजे वजन. जाड फळीवर रूळ ठोकण्याचा मोह टाळावा. सहा मिलिमीटर प्लायवूडच्या उभ्या पट्ट्यांची चौकट करून वर तसाच पातळ प्लायवूड लावला तर साठ सेंटिमीटरचा तुकडा एका हाताने उचलता येतो. डोंगर आणि चढउतार थर्माकोलचे करावेत. गणपतीच्या मखरांनी एके काळी आपल्याला ती कला शिकवलेली आहेच.

दोन तुकडे जेथे जुळतात, तेथे सर्वाधिक काळजी हवी. केवळ बोल्टच्या भरवशावर राहू नये. बोल्टचे छिद्र नेहमी किंचित सैल असते. दोन लाकडी किंवा धातूच्या खुंट्या व त्यांची घट्ट भोके तुकडे नेमके जागेवर आणतात, बोल्ट फक्त आवळून धरतात. जोडापाशी फळीत पितळी स्क्रू बसवून रूळ त्यांच्या डोक्यांवर सोल्डर करावा. आधी रूळ अखंड बसवावा आणि नंतर जोडावर बारीक करवतीने कापावा, म्हणजे दोन्ही टोके आपोआप समोरासमोर येतात. सांधा मात्र जोडावर कधीही येऊ देऊ नये.

विजेचे काम भीतीदायक नाही. रुळांत खेळणारा दाब १२ व्होल्टचा असतो. एकच इंजिन चालवावयाचे असल्याने महागडी संगणकीय नियंत्रणे नकोत. साधा वेगनियंत्रक पुरतो. मात्र फिशप्लेटमधून वीज पुढे जाईल या आशेवर न राहता रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र तार द्यावी. खडी पसरल्यावर पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब टाकावा. त्याशिवाय ते मिश्रण खडीत झिरपत नाही, वर मोत्यांसारखे तरंगत राहते.

गाडी कोठून आली आणि कोठे गेली, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर मराठी माणसाला रंगभूमीने केव्हाच दिले आहे: विंग. फळीच्या एका टोकाला पूल, गोदाम किंवा दाट झाडी उभी करावी आणि तिच्यामागे रूळ नेऊन सोडावा. तेथे ॲल्युमिनियमच्या दोन कोनपट्ट्यांची, गाडी उभी राहील एवढी पेटी जोडावी. आलेली गाडी पेटीसकट उचलून बाजूला ठेवावी, दुसरी लावावी. प्रेक्षकाला वाटते, पलीकडे मोठे जंक्शन आहे. ज्यांना हे सारे भव्य रूपात पाहावयाचे असेल, त्यांनी पुण्यात कोथरूड परिसरात १९९८ पासून असलेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय जरूर पाहावे.

आणि बदलीचा हुकूम आला की? वाघिणी व इंजिन प्रथम उतरवून कापसात गुंडाळावीत. ती आपल्यासोबतच्या पिशवीत, ट्रकमध्ये नव्हे. दोन्ही तुकडे समोरासमोर, रूळ आतल्या बाजूस येतील असे धरून दोन टोकांना प्लायवूडच्या पट्ट्या स्क्रूने बसवाव्यात. एक बंद खोके तयार होते. कोकणातल्या किंवा किनारपट्टीवरच्या शाखेत नेमणूक झाली असल्यास प्लायवूडच्या सर्व कडांना आधीच वॉर्निश लावलेले असावे, खोक्यात ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या दोन-तीन पुड्या टाकाव्यात, आणि नव्या घरी पहिली गाडी सोडण्यापूर्वी रूळ कोरड्या सुती फडक्याने पुसून घ्यावेत.